काळ्या गाडीवर करवंदीच्या जाळीचे ओरखडे: हाताने घासून जातील का?

घाटवळण | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी घरच्यांना घेऊन बामणोलीला गेलो होतो. परतताना कास यायच्या आधी रस्ता अरुंद आहे, तिथे समोरून जीप आली. मी शहाणपणा करून गाडी डावीकडे दाबली, ती थेट करवंदीच्या जाळीत. काचा बंद होत्या तरी आत 'चर्रर्र' ऐकू आलं. जीपवाला हात करून निघून गेला. बायको साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

गाडी काळी, चार वर्षं जुनी. डावीकडची दोन्ही दारं आणि मागचा फेंडर मिळून पंधरा-वीस आडव्या पांढऱ्या रेघा आहेत. सावलीत कळत नाहीत, पण सकाळच्या उन्हात मांजरांची मारामारी झाल्यासारखं दिसतं. एका ठिकाणी विचारलं तर पूर्ण गाडी मशिनने पॉलिश करायचे साडेपाच हजार. दुसरा म्हणाला दोन्ही दारं रंगवूनच घ्या, नऊ हजार. एवढ्यासाठी कंपनीचा रंग खरवडायचा जिवावर येतंय.

हाताने घासून जातं असं ऐकलंय. कुणी केलंय का? कशाने, किती वेळ लागतो, आणि चुकलं तर काय होतं?

पेडगावचा_शहाणा | शनिवार, रात्री १०:०५

पांढरी टूथपेस्ट आणि जुनं बनियन. आमच्या काकांनी असंच केलं होतं. रेघ गेली का ते आठवत नाही, पण दार आठवडाभर लवंगेच्या वासाचं होतं.

शाहूपुरी_११ | शनिवार, रात्री १०:२०

साडेपाच हजार देऊन मोकळे व्हा. हाताने दोन दारं घासायची म्हणजे दोन रविवार आणि एक खांदा गेला. मशिनला जे दहा मिनिटांत जमतं त्यासाठी घाम का गाळायचा?

रंगवाला_सांगली | रविवार, सकाळी ७:१०

घाटवळण, आधी पैशांचा विषय बाजूला ठेवा आणि ओरखडा कुठल्या थरात आहे ते बघा. माझं मिरज रोडला डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, सव्वीस वर्षं झाली. निम्मी गिऱ्हाईकं अशी येतात की रंगाची गरजच नसते, आणि उरलेल्यातली निम्मी घरी घासून घासून पार पांढरं करून आणतात.

दोन परीक्षा घ्या. पहिली, रेघेवर आडवं नख फिरवा. नख न अडकता घसरलं तर काम हाताने होईल. टक्कन अडकलं तर ती रेघ घासून जाणार नाही, फार तर मऊ दिसेल. दुसरी परीक्षा पाण्याची. ओल्या फडक्याने रेघ भिजवा. ओली असताना दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर वरच्या पारदर्शक थरालाच ती लागलीय, रंग शाबूत आहे. ओली असतानाही पांढरी किंवा राखाडी दिसली तर खालच्या प्रायमरपर्यंत गेली समजा.

करवंदीच्या काट्याने बहुतेक वरच्या वरच ओढलेलं असतं. पण जाळीत एखादी वाळकी फांदी असली की ती मात्र खोल काढते. प्रत्येक रेघ वेगळी बघा, सगळ्यांना एकच औषध नाही.

बेसकोट | रविवार, सकाळी ८:४५

रंगवाला काकांनी सांगितलं तेच, फक्त कारण जोडतो. मी गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये काम केलंय.

पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो. पूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने तो चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे रंग नसलेला चकचकीत थर. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. त्यातलं क्लिअर ४०-५० मायक्रॉन. वर्तमानपत्राचं एक पान याहून जाड भरतं. ऊन अडवायचं कामही हेच क्लिअर करतं.

ओरखडा पांढरा दिसतो तो पांढरा नसतोच. क्लिअरमध्ये चर पडली की तिच्या कडांवर उजेड विखुरतो. पाणी किंवा तेल त्या चरीत भरलं की उजेड सरळ जातो आणि रेघ नाहीशी होते. खोबरेल तेल लावून 'ओरखडा गायब' करणारे व्हिडिओ असतात ना, त्यातली गंमत एवढीच. एक पाऊस झाला की ओरखडा परत हजर.

कंपाऊंड, म्हणजे ओरखडे घासायची पेस्ट, चर भरत नाही, आजूबाजूचं क्लिअर चरीच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे प्रत्येक वेळी आपण त्या ४०-५० मधूनच खर्च करतोय. म्हणून सगळ्यात हलक्या कंपाऊंडने सुरुवात.

आणि टूथपेस्ट अगदीच थाप नाही. त्यात दात घासायला कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक पूड असते. नखाच्या पुसट खुणा किंवा दुसऱ्या गाडीचा लागलेला रंग तिने निघतो. पण ती दातांसाठी बनवलीय. लवंग फुकट.

उसाचा_मळा | रविवार, सकाळी ११:३०

करवंदीचं घेऊन काय बसलाय. आमच्याकडं वाळवा तालुक्यात या, कारखाना सुरू झाला की रोजचंच आहे. उसाची ट्रॉली शेजारनं गेली की बाहेर लोंबणारी वाढी बोनेटपासून डिकीपर्यंत झाडून काढते. पान मऊ वाटतं, पण उसाच्या पानात सिलिका असते, तिची धार तोडकऱ्यांच्या हातांना विचारा. माझी गाडी पांढरी आहे म्हणून इज्जत राहिली. काळी घेणाऱ्याला आमच्यात आधी 'घरी बसणार का' विचारत्यात.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी ३:१५

मी केलंय, हातानेच, आमच्या चॉकलेटी गाडीला. मुलाने सायकल टेकवली होती. लिहिते सविस्तर, कारण मी आधी चुकले होते.

सगळ्यात महत्त्वाचं धुणं. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत गाड्यांवर गाळ वाळून बसला होता आणि लोक कोरड्या फडक्याने तो झाडत होते. काचपेपर मारल्यासारख्या गोल गोल रेघा उठल्या होत्या एकेका बोनेटवर. धूळ असताना कंपाऊंड घासलं तर तेच होणार. म्हणून आधी नुसतं पाणी, भरपूर, हात न लावता. मग शाम्पू. दोन बादल्या ठेवायच्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळून काढायची. वरून खाली यायचं. दाराच्या खालच्या भागाला सगळ्यात जास्त रेती असते, त्याचं फडकं वेगळं. ते वर आणायचं नाही. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, वाळलं की पांढरे ठिपके पडतात, म्हणून लगेच टिपून घ्यायचं.

मग सावली. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मी पहिल्यांदा दुपारी गच्चीखाली उन्हात केलं, कंपाऊंड घासायच्या आत वाळून चिकटलं, ते काढताना नवे ओरखडे. रडायला आलं होतं.

काळ्या प्लॅस्टिकवर, रबराच्या पट्टीवर मास्किंग टेप लावा. कंपाऊंड तिथे लागलं की पांढरा डाग बसतो आणि तो मेला निघत नाही.

घाटवळण | रविवार, रात्री ८:३०

काका, बेसकोट, कृष्णाकाठ ताई, मनापासून आभार. परीक्षा घेतली. एकूण अठरा रेघा. पंधरा ओल्या केल्यावर जातात आणि नख घसरतं. दोनांचं कळत नाही, नखाला किंचित जाणवतात. एक मागच्या दाराच्या हँडलखाली आहे, सुमारे तीन इंच, तिच्यात नख चक्क अडकतं आणि ओली असतानाही राखाडी दिसते.

आता कंपाऊंड कुठलं घेऊ? पोवई नाक्याच्या दुकानात 'रबिंग' मागितलं तर लाल डबी काढून दिली, 'सगळे हेच नेतात' म्हणाला. बोटावर घेतलं तर रवाळ लागलं.

रंगवाला_सांगली | सोमवार, सकाळी ६:५५

ती डबी परत करा. रवाळ रबिंग जुन्या गाड्यांसाठी, ज्यांना क्लिअर नव्हतंच, रंगच वर असायचा. त्या गाड्या घासल्या की फडक्याला गाडीचाच रंग यायचा. आजही साध्या पांढऱ्या रंगाच्या काही गाड्या तशा असतात. पांढरी घासणाऱ्यांनी फडकं पांढरं झालं म्हणून घाबरू नये, पण हात आवरता घ्यावा.

तुम्हाला 'फाइन' किंवा 'स्क्रॅच रिमूव्हर' लिहिलेलं मऊ, मलईसारखं हवं. थ्रीएमचं, टर्टल वॅक्सचं, कुठलंही चांगलं चालतं. त्याच्यासोबत पॉलिश, ते कंपाऊंडहून बारीक, आणि शेवटी वॅक्स. फोमचे गोल पॅड घ्या, दोन तरी. बनियन नको, त्याची शिवण लागते. चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर, त्यांचं लेबल आधी कापून टाका. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, माझ्याकडच्या पोरांना त्यावरून बोलणी बसतात.

आता हात कसा चालवायचा. पॅड आधी किंचित ओलं करा. वाटाण्याएवढं कंपाऊंड, जास्त नाही. वीतभर जागा धरा. गोल गोल फिरवू नका, सरळ पुढे-मागे, मग त्याला आडवं. गोल घासलं की बारीक राहिलेल्या खुणा ऊन कुठूनही आलं तरी चमकतात. सरळ घासलेल्या एकाच बाजूने दिसतात. दाब मध्यम, चार बोटं सपाट. एका बोटाने रेघेवरच दाबून घासाल तर तिथे खड्डा करून बसाल, रेघेपेक्षा तो वाईट दिसतो. दीड-दोन मिनिटं, पुसायचं, टॉर्च तिरकी धरून बघायचं. मग परत. तीन वेळांत फरक नाही पडला तर थांबायचं आणि इथे विचारायचं.

दाराच्या कडा आणि दाबलेली धार असते ना, तिथे रंग पातळ असतो. तिथे हात हलका.

आणि सुरुवात दारावर करूच नका. हँडलमागच्या खोबणीत बघा, नखांचे आणि अंगठीचे ओरखडे असणारच. तिथे हात बसवून घ्या. चुकलं तर कुणाला दिसत नाही.

शाहूपुरी_११ | सोमवार, सकाळी ९:४०

काका, एवढा उपद्व्याप सांगताय, पण तुम्ही स्वतः गॅरेजात मशिनच लावता ना?

रंगवाला_सांगली | सोमवार, दुपारी १:२०

लावतो की. चार पॅनल उरकायचे असतात. पण हँडलमागे, आरशाच्या बुडाला, नंबरप्लेटभोवती मशिन जात नाही, तिथे अजून हातच. शिवाय नवशिक्याच्या हातात मशिन म्हणजे कडेला क्लिअर जाळायला एक क्षण पुरतो. हाताने माणूस कंटाळून थांबतो, ते गाडीच्या फायद्याचं आहे. संपूर्ण गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा असत्या तर मीच म्हटलं असतं, मशिनवाल्याकडे जा. यांच्या मोजून अठरा आहेत.

पेडगावचा_शहाणा | सोमवार, दुपारी १:३५

विम्यात क्लेम करून टाका की राव, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी असेल तर दारं फुकट!

बेसकोट | सोमवार, दुपारी २:१०

फुकट नाही हो. फाईल चार्ज, म्हणजे क्लेममधला आपला ठरलेला वाटा, भरावाच लागतो, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ करत पाचव्या बिनक्लेम वर्षानंतर ५० वर पोचतो. चार वर्षं क्लेम न करणाऱ्याने दोन दारांच्या ओरखड्यांसाठी तो घालवायचा? बाहेर नऊ हजार देणं स्वस्त पडेल कदाचित. शिवाय कारखान्यात तापवून पक्का केलेला रंग गॅरेजात तसाच्या तसा बसत नाही.

घाटवळण | पुढचा रविवार, दुपारी १२:४५

मंडळी, गडबड झाली.

खोबणीपासून सुरुवात केली, झकास जमलं. हिंमत वाढली. पुढच्या दारावरच्या सात रेघा दोन तासांत गेल्या, खरंच गेल्या. पण आता उन्हात बघतोय तर जिथे घासलं तिथे दार धुरकट दिसतंय. चमक गेलीय. काळ्या पाटीवर डस्टर फिरवल्यासारखं. आधी निदान रेघा होत्या, आता ढग आहेत. बायको आत्ता गॅलरीतून विचारतेय, 'झालं का?' मी 'होतंय' म्हणालो.

आणि हो, ताईंनी सांगूनही एका ठिकाणी टेप लावली नाही. खिडकीखालच्या काळ्या पट्टीवर पांढरं बसलंय.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १:०५

घाबरू नका! माझंही असंच झालं होतं. पॉलिश केलंत का कंपाऊंडनंतर?

घाटवळण | रविवार, दुपारी १:१०

नाही. म्हटलं रेघा गेल्या, आता थेट वॅक्स.

रंगवाला_सांगली | रविवार, दुपारी २:३०

मग ढग येणारच. ते कंपाऊंडचेच बारीक चरे आहेत, मोठी रेघ काढून हजार छोट्या ठेवल्यात तुम्ही. पांढऱ्या गाडीवर दिसल्या नसत्या. दुसरं स्वच्छ पॅड घ्या, कंपाऊंडचं नको, आणि पॉलिश मारा. तसंच सरळ, पण दाब निम्मा आणि वेळ दुप्पट. शेवटी शेवटी तर नुसतं पॅडचं वजन. ढग गेले की मगच वॅक्स.

वॅक्स आधीच लावलंय म्हणताय का? तर आधी काढा.

बेसकोट | रविवार, दुपारी ३:००

वॅक्स काढायला आणि काम खरंच झालंय का बघायला एकच उपाय: मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून मऊ फडक्याने पुसा. बऱ्याच कंपाऊंडमध्ये तेल आणि भरणी असते, तिने रेघ झाकली जाते आणि दोन धुण्यांत परत दिसते. अल्कोहोलने पुसल्यावरही जे दिसत नाही, ते गेलं.

काळ्या पट्टीला साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश. नाही निघालं तर शाळेतलं खोडरबर घासून बघा.

उसाचा_मळा | रविवार, संध्याकाळी ५:४०

म्हंजे शेवटी टूथब्रश आलाच. पेडगावकरांचं निम्मं बरोबर होतं.

मधेच एक विचारतो. ट्रॉलीच्या कोपऱ्याची निळी रेघ लागलीय डिकीला. ही पण घासायची?

रंगवाला_सांगली | रविवार, संध्याकाळी ६:१५

ती तुमच्या गाडीत पडलेली चर नसेल, ट्रॉलीचा रंग वर बसला असेल. बोटाने चाचपा, उंचवटा लागला तर नक्कीच. ते अल्कोहोल किंवा थोडं रॉकेल फडक्यावर घेऊन हलकं पुसा आणि लगेच शाम्पूने धुवा. थिनर अजिबात नको. रस्त्याच्या डांबराचे काळे ठिपकेही रॉकेलने निघतात. निळं गेल्यावर खाली काय उरतं ते बघा, मग पुढचं.

घाटवळण | मंगळवार, रात्री १०:२०

अपडेट. अल्कोहोलने पुसलं तर सातपैकी दोन रेघा पुसट परत आल्या. बेसकोट म्हणाले तसंच. त्या परत एकेकदा कंपाऊंडने केल्या. मग काल आणि आज रात्री जेवणानंतर पार्किंगमध्ये टॉर्च लावून पॉलिश. शेजारच्या आजोबांनी येऊन विचारलं, 'एवढ्या रात्री काय शोधतोयस?' काय सांगणार.

ढग गेले. पुढचं दार मागच्यापेक्षा चांगलं दिसतंय, त्यामुळे आता मागचं करावंच लागणार. खांदा दुखतोय, शाहूपुरीकर, तुमचं तेवढं खरं निघालं.

काळ्या पट्टीवरचं खोडरबराने गेलं! मुलीच्या कंपासमधून घेतलं होतं. तिने नवं मागितलंय.

त्या हँडलखालच्या खोल रेघेचं काय करू? यूट्यूबवर एक जण २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा काचपेपर, मारून काढतोय.

बेसकोट | मंगळवार, रात्री १०:४५

नको. २००० चा पेपर क्लिअर फार वेगाने खातो, आणि तुमची रेघ क्लिअरच्या खाली गेलीय. तिच्या तळापर्यंत पोचायचं म्हणजे सगळं क्लिअर आणि रंग उडवायचा. जाडी मोजायचं यंत्र जवळ नसताना पेपरला हात लावू नये.

रंगवाला_सांगली | बुधवार, सकाळी ७:००

पेपर ठेवा बाजूला. टचअप करा. रंगाचा कोड बोनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो, त्याच कोडची छोटी बाटली मागा. नुसतं 'काळा' मागू नका, काळ्यात चमकी असते-नसते, फार फरक पडतो. बाटलीतला ब्रश जाड असतो. टूथपिकचं टोक बुडवा आणि चरीत नुसतं टेकवा, रंग आपोआप ओढला जातो. एकदम भरू नका. पातळ थर, वाळू द्या, परत. तीन-चार वेळा. त्यावर क्लिअर. मग महिनाभर तरी तिथे वॅक्स नको, रंगाला श्वास घेऊ द्या.

जवळून दिसणार. दोन हातांवरून नाही दिसणार. तुमच्याकडे पाऊस दांडगा, उद्या पत्र्यापर्यंत गेलेली रेघ उघडी राहिली तर गंज धरते, म्हणून झाकायची. प्लॅस्टिकच्या बंपरवर असती तर म्हटलं असतं, चालू द्या तशीच.

शाहूपुरी_११ | बुधवार, सकाळी १०:१०

सिरॅमिक कोटिंग असलेल्यांनी लक्षात ठेवा, कंपाऊंड मारलं की तेवढ्या जागेचं कोटिंगही जातं. आणि पीपीएफची, म्हणजे रंग वाचवायला चिकटवलेली पारदर्शक फिल्म असेल तर कंपाऊंड नकोच, चांगल्या फिल्मवरचे हलके ओरखडे गरम पाण्याने आपसूक भरतात. माझ्या गाडीला फिल्म आहे, म्हणून मी मशिनची बाजू घेत होतो, स्वतः कधीच घासलं नाही. कबूल.

घाटवळण | रविवार, संध्याकाळी ६:३०

झालं. अठरापैकी पंधरा पूर्ण गेल्या. नखाला किंचित लागणाऱ्या दोन आहेत, पण कडा मऊ झाल्यामुळे मुद्दाम शोधाव्या लागतात. त्या तशाच सोडल्या. टचअपच्या ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा झालाय, टूथपिकवर रंग जास्त घेतला होता. काका म्हणाले होतेच.

खर्च: कंपाऊंड, पॉलिश, वॅक्स, पॅड, फडकी आणि टचअप मिळून सोळाशे ऐंशी, खोडरबर धरून. वेळ अंदाजे नऊ तास, चार बैठकांत. बायकोने आज गाडी स्वतःहून बाहेर काढली, राजवाड्यावर भाजी आणायला. येताना डावीकडे न बघता थेट वर गेली, म्हणजे जमलं असावं.

कंपाऊंड पाऊण डबी आणि पॉलिश अर्धी उरलीय. साताऱ्यात कुणाला हवं असेल तर व्यक्तिगत निरोप टाका, येताना आपली छोटी डबी घेऊन या. पॅड मात्र स्वतःचे आणा.